सुजलंय, एवढंच

‘‘बोटं हलव.’’

‘‘हलतात ना? मग मोडलेलं नाही. उठ.’’

अडतीस वर्षं झाली, हा आवाज तिच्या कानात बिऱ्हाड करून आहे. आवाज मोठा नव्हता, रागीट तर नव्हताच. पन्नास पोरींना एका शिट्टीत सरळ उभं करणाऱ्या माणसाला रागवायची गरज पडत नसे. वडील तिचेच, पण मैदानावर मास्तर. सगळ्यांचे मास्तर, म्हणून तिचेही. ती चौदा वर्षांची, अडथळ्यांच्या शर्यतीच्या सरावात चौथा लाकडी अडथळा डाव्या पायाने आडवा केलेला, ती मातीत बसलेली, आणि भर उन्हात तिच्यावर एक सावली वाकलेली. सावलीला तोंड नव्हतं, नुसता आवाज होता. तिने बोटं हलवली. न हलायला काय झालं? बोटं हलवणाऱ्या दोऱ्या वर पोटरीतून येतात. खालचं हाड मधोमध तुटलं तरी बोटं हलतात, वाटलं तर नाचून दाखवतात. हे तिला बारा वर्षांनी कळलं, हाडांच्या हॉस्पिटलात प्लास्टरच्या खोलीत नोकरीला लागली त्या पहिल्याच आठवड्यात. आणि कळलं त्या दिवशी तिने दुपारचा डबा न उघडता घरी परत आणला. पण तेव्हा ती उठली होती. तीन दिवसांनी धावलीसुद्धा, आणि तिसरी आली. पुढे हाड आपलं आपण जुळलं, वाकडं जुळलं, पायाच्या बाहेरच्या कडेला सुपारीएवढी गाठ ठेवून बसलं. तेव्हापासून तिला डाव्या पायाचा बूट एक नंबर मोठा लागतो. दोन जोड घ्यायचे, एकातला डावा, एकातला उजवा घालायचा. उरलेले पलंगाखाली एका पिशवीत जमले आहेत: न घातलेले, नवेकोरे, एकमेकांचे कोणीच नसलेले.

आज रविवार, तिची आठवड्याची सुट्टी होती. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती, दूध गॅसवर चढलं होतं आणि ती त्याच्यावर डोळा ठेवून उभी होती. बाहेर गॅलरीत वडिलांचा व्यायाम चालू होता. आई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, ते तिच्याकडे राहत होते. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, छातीत दोन नळ्या बसवलेल्या, रक्त पातळ राहण्याची गोळी रोज रात्री. तरी सकाळी कठडा धरून टाचा उचलायच्या, पन्नास वेळा, स्वतःच मोठ्याने आकडे मोजायचे. एकेचाळीस. बेचाळीस. गॅलरीतून खोलीत यायला एक पायरी आहे. पन्नास झाले, ते वळले असतील, पायरीच्या कडेवर अर्धंच पाऊल पडलं असेल आणि पाय आतल्या बाजूला दुमडला असेल. हे तिने पाहिलं नाही. तिने ऐकलं. धडपड नंतर झाली. त्याच्याआधी एक आवाज आला. पेन्सिल हातातून पडली की वरून धड दिसते आणि आत शिसं तुटलेलं असतं. त्या तुटण्याला आवाज असता तर तो असा आला असता. बारीक आणि कोरडा. सव्वीस वर्षं ती लोकांना विचारत आली होती, पडलात तेव्हा काही आवाज आला होता का? बरेचजण डोळे विस्फारून म्हणत, हो हो, कटकन. आज ते कटकन तिच्या स्वतःच्या घरात झालं आणि तिला वाटलं, अरे, हा तर अगदी लहान आवाज आहे.

दूध उतू गेलं नाही. तिने गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं, हात पुसले आणि मग गेली. हॉस्पिटलात ती असं जात नाही. तिथे नुसतं स्ट्रेचरचं चाक करकरलं तरी ती उठून उभी असते.

ते पायरीवर बसले होते, दोन्ही हातांनी उजवा पाय धरून. चेहरा राखेसारखा झालेला, वरच्या ओठावर घाम. ‘‘काही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मुरगळला.’’

ती समोर उकिडवी बसली. हात लावला नाही. पायाची बाहेरची कडा, करंगळीच्या मागचं लांब हाड जिथे घोट्याकडे संपतं ती जागा, तिच्या डोळ्यांदेखत भरत होती. रक्त पातळ असलेल्या माणसाची सूज वाट बघत नाही. तिथे एक बोट ठेवून नुसतं टेकवलं असतं तरी पुरलं असतं. मुरगळल्याचं दुखणं पसरट असतं, सगळीकडे थोडं थोडं, पण मोडल्याचं दुखणं एका जागी बसलेलं असतं, दाराशी बसलेल्या कुत्र्यासारखं, नेमक्या त्याच पायरीवर पाय पडला की अंगावर येणारं. बोट टेकवायला तिला अर्धं मिनिटही लागलं नसतं. तिने टेकवलं नाही. त्याऐवजी तिच्या तोंडून एक आवाज आला, शांत, न रागावलेला, आणि बोलून झाल्यावर तिला कळलं की तो कोणाचा आहे.

‘‘बोटं हलवा.’’

त्यांनी वर पाहिलं. शर्यत सुरू करून देणारा माणूस पिस्तूल वर धरून जितका वेळ थांबतो तितका वेळ पाहिलं. मग बोटं हलवली. पाचही हलली.

‘‘हलतायत ना? मग मोडलेलं नाही. उठा.’’

अहो-जाहो तेवढं तिने आपल्या पदरचं घातलं होतं. आणि ते उठले. कठडा धरून, भिंत धरून, एका शब्दाने काही न विचारता उठले. आयुष्यभर दुसऱ्यांना आपल्या शिट्टीवर नाचवलं, आता स्वतःच्या शिट्टीला कसं नाही म्हणणार?

प्लास्टरच्या खोलीचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण पहिल्या दिवशी नवीन माणसाला सांगतात. मोडलं हा शब्द आपण उच्चारायचा नाही. तो डॉक्टरांचा. दारातून लंगडत येणाऱ्याकडे बघूनच आपल्याला कळलेलं असतं, कोण टाचेवर चालतंय, कोण पाऊल बाहेरच्या कडेवर टाकायला घाबरतंय, कोणाच्या तळव्याला निळा डाग उतरलाय. तळव्याचा डाग तर सहसा खोटं बोलत नाही. पण विचारलं तर म्हणायचं: सुजलंय. बघतील डॉक्टर. तिच्याबरोबर काम करणारा एकजण आहे, कोपरापर्यंत कायम पांढरा, त्याला सगळे चुना म्हणतात. तो म्हणायचा, ‘‘ताई, आपण लग्नातल्या वाजंत्र्यांसारखे. नवरा कसा आहे ते सगळं माहीत, पण वाजवायचं.’’ सव्वीस वर्षांत तिने हा नियम एकदाही मोडला नव्हता. सकाळभर तिने तो जपमाळेसारखा हातात धरला. मी कोण सांगणार? मी डॉक्टर आहे का? सुजलंय, एवढंच.

आणि सकाळ फार चांगली गेली. दुधाचा चहा झाला, पावाचे दोन तुकडे कुरकुरीत होईपर्यंत भाजले, ते तिने चावून चावून खाल्ले. मग फडताळ काढलं. किती महिने काढीन काढीन म्हणत होती. डबे उतरवले, पुसले, कागद बदलले, आणि हे करता करता ती गुणगुणत होती हे तिला मध्येच कळलं. आईच्या ओळी होत्या. आई इस्त्री करताना म्हणायची, रुमाल उलटला की एक ओळ, पुन्हा उलटला की दुसरी:

पाऊल पुसे वाटेला, सखे दुखतं गं कुठं
वाट म्हणे मला ठावं, माझे मिटलेले ओठ

लहानपणी तिला ह्या ओळी गोड वाटत. चौदाव्या वर्षी, गरम पाण्याच्या पिशवीवर पाय ठेवून पडली होती तेव्हा, आई उशाशी बसून ह्याच म्हणत होती आणि तिच्या केसांतून हात फिरवत होती. आणि पाय काळानिळा, भोपळ्यासारखा, आई त्याच्याकडे बघत नव्हती. वाट म्हणे मला ठावं. ठाऊक होतं तर मग तोंड का नाही उघडलंस, बये? तीन दिवस माझ्या केसांत हात घालत बसलीस, त्यातला एक हात नवऱ्यापुढे आडवा का नाही केलास? आईवरचा राग वडिलांवरच्या रागाहून वेगळा होता, मऊ होता, कुजलेल्या फळासारखा मऊ. तो हातात धरता येत नसे. वडिलांवरचा राग कसा घट्ट, मुठीत मावणारा. तो घेऊन झोपता येई, तो घेऊन उठता येई. त्या रागात इतक्या वर्षांत एकच गोष्ट सैल राहिली होती. त्यांना तेव्हा कळलं होतं का? अज्ञानाने म्हणाले की जाणूनबुजून? शर्यत तीन दिवसांवर होती, शाळेतून दुसरी पोरगी नव्हती, आणि बोटं हलत होती. कधी ती ठरवायची, माणूस अडाणी होता, हाडांतलं काय कळतंय त्याला. कधी ठरवायची, नाही, त्याने त्या जागेकडे पाहिलं होतं, नेमकं त्या जागेकडे, आणि मग नजर काढली होती. आज फडताळासमोर स्टुलावर उभी असताना तिला वाटलं, आपण इतकी वर्षं हा प्रश्न उगाच चघळला. कळलेलं असणं आणि न बोलणं ह्यात अवघड असं काहीच नसतं. दुधावर झाकण ठेवण्याइतकं ते सोपं असतं.

साडेनऊला ते संडासाला गेले. ती डबे पुसता पुसता पावलं मोजत होती. डॉक्टर लोक चार पावलं टाकायला सांगतात. चार पावलं, कोणाचा आधार न घेता. एक. दोन. तिसऱ्याला भिंतीवर हात आपटल्याचा आवाज आला आणि पुढची पावलं पावलं नव्हतीच, टाच घासत नेल्याचा आवाज होता, पोतं ओढल्यासारखा. परत आले तेव्हा खुर्चीत बसून त्यांनी विचारलं, ‘‘बर्फ आहे का गं?’’

‘‘आहे ना.’’

तिने बर्फ दिला, रुमालात बांधून दिला. पाय ठेवायला स्टूल मागितलं, दिलं. वर उशी मागितली, दिली. पाणी दिलं, वर्तमानपत्र दिलं, चष्मा दिला. मागितलं ते सगळं दिलं. न मागितलेलं एकच होतं, आणि ते मागणार नाहीत हे तिला जितकं माहीत होतं तितकंच त्यांनाही. दोघं समोरासमोर, मध्ये स्टुलावर तो पाय, तिसऱ्या माणसासारखा. त्याच्याकडे दोघंही बघत नव्हती. वर्तमानपत्राचं पान बराच वेळ उलटलं नाही.

अकराच्या सुमाराला शेजारीण आली. जन्मभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर, आता निवृत्त, पण आवाज अजून दोन गावं जोडू शकेल असा. वर्तमानपत्र मागायला यायची आणि बातम्या देऊन जायची.

‘‘अगंबाई! मास्तर, हे काय करून घेतलंत? पाय आहे का वांगं?’’

‘‘मुरगळला,’’ वडील म्हणाले.

‘‘मुरगळला म्हणे! माझी जाऊ मुरगळला मुरगळला म्हणत पंधरा दिवस फिरली आणि पुढे सहा महिने बसली. अगं, तू काय करतेयस? तू तर हाडांच्या हॉस्पिटलातली. का सुट्टीच्या दिवशी डोळे तिकडेच ठेवून येतेस?’’

‘‘सुजलंय,’’ ती फडताळापाशी उभी राहून म्हणाली. ‘‘मोडलं म्हणायचं काम आमचं नाही.’’

‘‘मग काय म्हणता तुम्ही लोक? फुललं?’’

वडील हसले. त्यांना हसू आलं आणि हसण्याने पाय हलला आणि हसू अर्ध्यावर जागच्या जागी मेलं. ऑपरेटरबाईने ते पाहिलं. जाताना ती दारात थांबली, आणि तिला कधी नव्हे ते हळू बोलता आलं. ‘‘हे बघ, बाप-लेकीच्या मध्ये मी पडणार नाही. पण माझा भाचा टॅक्सीवर आहे, लागला तर हाक मार.’’ मग पुन्हा मोठ्याने, ‘‘मास्तर, वांगं उतरेपर्यंत हलू नका!’’ आणि वर्तमानपत्र विसरून गेली.

ती गेल्यावर घर एकदम मोठं झालं. वडील म्हणाले, ‘‘माझ्या कपाटात क्रेपची पट्टी आहे बघ. खालच्या खणात.’’ ती पट्टी मैदानावरची होती, धुऊन धुऊन पिवळी पडलेली, पण ताण अजून शाबूत. त्यांनी ती स्वतः बांधली. बोटांच्या मुळापासून घोट्याच्या वरपर्यंत, प्रत्येक वेढा खेचून, दात ओठांत रुतवून. खेळाचे मास्तर सगळे अशीच बांधतात. आवळली की दुखणं दबतं, पोरगी पुन्हा धावते. ती बघत उभी होती. सूज चढत असताना पट्टी अशी बांधायची नसते. वाढत्या पायाला आवळलेल्या पट्टीत जागा नसते, आणि जागा नसली की पहिल्यांदा रक्त बाहेर राहतं. प्लास्टरच्या खोलीत एखाद्या शिकाऊ पोराने अशी बांधली असती तर तिने त्याच्या हातावर मारलं असतं. इथे तिने कात्रीने पट्टीचं टोक कापून दिलं आणि चिकटपट्टी लावून दिली. त्यांनी मागितली होती.

जेवून ते खुर्चीतच मागे रेलले, डोळे मिटले. तीही आडवी झाली. तिला झोप लागली नाही, पण झोपेच्या काठावर ती बराच वेळ पाय सोडून बसली, आणि तिथे मैदान होतं. गंमत अशी की तिथे ऊन नव्हतं, संध्याकाळ होती, आणि मास्तर तिला हात धरून अडथळ्यावरून उडी कशी घ्यायची ते शिकवत होते, ती आठ वर्षांची. ‘‘पाय पुढे फेक. भिऊ नको, जमीन कुठे जात नाही.’’ आणि ती उडत होती, आणि खाली दोन हात होते. हे खरं होतं. हे झालं होतं. हे तिने इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं? तिने कूस बदलली. ह्याचं आज काही काम नव्हतं.

साडेतीनला उठून ती पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा ते जागे होते.  खुर्चीच्या हातांवर त्यांची बोटं पांढरी होईपर्यंत आवळलेली होती, आणि दुपारच्या उजेडात पट्टीच्या बाहेर आलेली त्यांच्या पायाची बोटं दिसत होती. ती जांभळी नव्हती. जांभळी असती तर ती पाणी प्यायली असती. ती मेणासारखी होती. तिने भांडं खाली ठेवलं आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या पायाला हात लावला. अंगठा गार होता. ओल्या फरशीसारखा गार. तिने नख दाबलं, सोडलं. दाबलं की नख पांढरं होतं, सोडलं की दोन क्षणांत लाली परत येते. हे ती दिवसातून पन्नास वेळा करत असे, हातांना सांगावं लागत नसे. सोडलं. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. नख पांढरंच.

‘‘मुंग्या येतायत?’’

‘‘मघाशी येत होत्या.’’ ते थांबले. ‘‘आता काहीच येत नाही.’’

‘‘केव्हापासून?’’

‘‘तू झोपली होतीस.’’

‘‘हाक का नाही मारलीत?’’ ती ओरडली. तिचा आवाज चिरकला आणि तो तिला ओळखूच आला नाही.  उत्तर त्या खोलीत सकाळपासून बसलं होतं.

ती कात्री घेऊन आली. पट्टी आणि कातडी ह्यांच्यामध्ये कात्रीचं पातं शिरेना. तिने स्वतःचं बोट आधी घातलं, बोटावरून पातं सरकवलं, आणि बोटांच्या मुळापासून वर घोट्यापर्यंत एका रेषेत कापत गेली. पिवळी पट्टी दोन्ही बाजूंना उलगडली तसा पाय आतून सुटला, फुगला. त्यावर प्रत्येक वेढ्याचा वळ होता, आणि तळव्याच्या कमानीत, आतल्या मऊ भागात, तो निळा डाग उतरलेला होता, शाई सांडल्यासारखा. तिने पाय छातीच्या उंचीवर उचलून धरला. नख दाबलं. सोडलं. मोजलं. दाबलं. सोडलं. चौथ्या वेळी, फार लांबून, नखाच्या मुळाशी एक गुलाबी रेघ आली. तेव्हा वडिलांच्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला, कण्हल्याचा, कारण रक्त परत येतं तेव्हा दुखतं. ती त्या आवाजावर जीव टाकून बसली. कण्हा, ती मनात म्हणत होती. कण्हा, अजून कण्हा. मग तिने खिडकीत जाऊन ऑपरेटरबाईला हाक मारली.

टॅक्सीत मागच्या सीटवर ते आडवे बसले आणि पाय तिच्या मांडीवर होता. तिने आजवर हजारो पाय मांडीवर, टेबलावर, हातांत घेतले होते; पायाचं वजन तिला भाजीवाल्याला माप कळावं तसं कळे. हा पाय हलका होता. इतका हलका असेल असं तिला वाटलं नव्हतं. टाचेला भेगा, नखं नीट कापलेली, नडगीवर जुन्या मैदानांचे खरचटल्याचे पांढरे डाग. ह्या माणसाशी ती अडतीस वर्षं भांडत होती, आणि तो माणूस एवढासाच होता. ह्याने तिचा राग कमी झाला नाही. उलट त्याला ठेवायला जागा उरली नाही म्हणून तो अंगभर फिरू लागला. सिग्नलला टॅक्सी थांबली की ती नख दाबून बघत होती. वडील खिडकीबाहेर बघत होते. रस्ताभर बोलला तो भाचा, आणि तो क्रिकेटबद्दल बोलला.

सुट्टीच्या दिवसाचं हॉस्पिटल अर्धं झोपलेलं होतं. ड्यूटीवरची डॉक्टर तरुण होती, नवीन होती, पण हात शहाणे होते; तिने त्या एका जागी बोट टेकवलं मात्र, वडिलांनी खुर्चीचा हात पकडला. ‘‘कधी लागलं, काका?’’

‘‘आत्ताच,’’ वडील म्हणाले. ‘‘तास झाला असेल. ही घरी नव्हती. बाजारात गेली होती. मीच वेड्यासारखी पट्टी आवळली.’’

डॉक्टरने लिहून घेतलं. भिंतीशी चुना उभा होता. त्याने आधी पायाकडे पाहिलं, तळव्यावरच्या डागाकडे, वळांच्या कडेने काळवंडायला लागलेल्या रंगाकडे. मग तिच्याकडे पाहिलं. ‘‘मास्तर,’’ तो हसत म्हणाला, ‘‘तासाभरात एवढा रंग? तुमचं रक्त म्हणजे फारच उतावीळ.’’ हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांत आलं नाही. 

एक्स-रे आला. उजेडाच्या काचेवर ती पाचही लांब हाडं पंख्यासारखी पसरलेली, आणि करंगळीच्या मागचं तिरकं तुटलेलं, दोन तुकडे एकमेकांकडे पाठ करून उभे. डॉक्टर म्हणाली, ‘‘आज अर्धं प्लास्टर घालू, मागून आधार देऊ, वर जागा सोडू. सूज उतरली की ठरवू. बोटांचं मात्र थोडक्यात निभावलं. ती पट्टी आणखी दोन तास राहिली असती तर मी काही सांगू शकले नसते.’’ मग तिच्याकडे वळून, ‘‘बरं झालं ताई, तुम्ही वेळेवर आणलंत.’’

वेळेवर. तो शब्द तिच्या अंगावर चिकटला, ओल्या प्लास्टरचा थेंब चिकटावा तसा. खरवडल्याशिवाय जाणार नाही असा.

‘‘मी घालते,’’ ती म्हणाली. चुना म्हणाला, ‘‘अहो ताई, सुट्टी तुमची.’’ तिने बाह्या वर केल्या होत्या. तिने पाय पुसला, कापूस गुंडाळला, हाडाच्या टोकांवर दुहेरी. प्लास्टरच्या पट्ट्यांच्या घड्या कोमट पाण्यात बुडवल्या, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली, पिळल्या, आणि पोटरीपासून टाचेवरून बोटांपर्यंत पायाच्या मागून बसवल्या. तळहातांनी दाबत नेल्या. बोटांनी दाबायचं नसतं, बोटांचे खड्डे पडतात आणि ते पुढे टोचतात. चुना आणखी कापूस आणायला गेला. आता पाय काटकोनात धरून ठेवायचा, प्लास्टर घट्ट होईपर्यंत. चार-पाच मिनिटं. ह्या मिनिटांत धरणाऱ्याने हलायचं नसतं आणि धरलेल्यानेही. इथे माणसं काहीबाही बोलतात, तिला माहीत होतं. कोणी हवेवर बोलतं, कोणी देवाचं नाव घेतं, कोणी रडतं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. तिच्या तळहातांना ती ऊब कळायला लागली.

‘‘मी तासाभरापूर्वी असं सांगितलंय,’’ वडील खालच्या आवाजात म्हणाले. ते छताकडे बघत होते. ‘‘तुझी नोकरी आहे इथे. लोक तोंडावर ताई ताई करतात. तू काही बोलू नकोस.’’

तिने पाय काटकोनात धरून ठेवला.

‘‘आणि तुझ्या त्या वेळी…’’ त्यांनी छतावरची नजर खाली आणली.  ‘‘मला तुला एकदा सांगायचं होतं, त्या वेळी मी…’’

‘‘त्या वेळचं नंतर,’’ ती म्हणाली. ‘‘पाय हलवू नका.’’

तिला ते ऐकायचं होतं. अडतीस वर्षं तिला तेवढंच ऐकायचं होतं, आणि आता ते दारात येऊन उभं राहिलं होतं आणि तिने कडी लावली. कारण त्यांनी आधी सांगितलं असतं तर तिचं आजचं त्याच्या मागे लपलं असतं. तुमचं ते, माझं हे, झालं समसमान, चला घरी. तिला तसं सुटायचं नव्हतं. त्यांनाही तसं सोडायचं नव्हतं. चुना कापूस घेऊन दारात आला होता आणि दोघांचे चेहरे बघून तिथेच थांबला होता. त्याच्या मागे डॉक्टर कागद घेऊन येत होती. तिने त्या दोघांना पाहिलं, आणि आवाज खाली आणला नाही.

‘‘बाबा, तासभर नाही. सकाळी सात वीसला. मी घरातच होते, दुधापाशी. मोडलंय हे मला तेव्हाच कळलं होतं.’’ तिचे हात हलले नाहीत. ‘‘दिवसभर कळत होतं. आणि दिवसभर मला बरं वाटत होतं.’’